पोटखराबातली माळटिटवी

आमच्या गावाच्या पश्चिमेला एक माळ आहे. जमिनीच्या जुन्या मराठी उताऱ्यात त्याच्या काही भागासमोर ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीखाली न येणारी जमीन, असे लिहिलेले आहे आणि आताच्या कन्नड उताऱ्यात त्याच भागासमोर ‘फूट खराब’ असे येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, दप्तराची भाषा बदलली, लिपी बदलली, परंतु ‘खराब’ हा शब्द मात्र दोन्ही भाषांनी जपून ठेवला. सीमाभागातील माणसाला दोन्ही भाषांचे एकमत झालेली गोष्ट क्वचितच पाहायला मिळते, म्हणून ही नोंद मला प्रथम गमतीची वाटली होती. पुढे ती खुपू लागली.

महसुली नियमांत या खराबाचेही दोन प्रकार आहेत. शेतीला नालायक, म्हणजे खडकाळ किंवा ओढ्याखालची जमीन, हा एक. आणि रस्ता, पाणवठा, स्मशान अशा सार्वजनिक वापरासाठी राखलेली जमीन हा दुसरा. आमच्या माळाचा वरचा, जांभ्या खडकाचा भाग पहिल्या प्रकारात मोडतो. त्याला लागून खालच्या अंगाला गायरान आहे. दोन्ही मिळून चालत फेरी मारायची म्हटली तर पाऊण तास लागतो, आणि वाटेत थांबायची सवय असेल तर अख्खी सकाळ जाते. मला थांबायची सवय आहे. मी गावातील मराठी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो, आता निवृत्त झालो आहे, आणि गेली वीस-बावीस वर्षे आठवड्यातून निदान दोनदा या माळावर जातो. गावाचे नाव मात्र येथे लिहिणार नाही, कारण जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा पत्ता जाहीर करणे बरे नव्हे. माळावरून स्वच्छ हवेत राजहंसगड दिसतो, एवढे सांगितले म्हणजे बेळगाव तालुक्यातील वाचकाला दिशा कळेल.

या जिल्ह्याची गंमत अशी की पश्चिमेला कणकुंबीकडे जो पाऊस पडतो तो पूर्वेला अथणीकडे पडणाऱ्या पावसाच्या कित्येक पट असतो. घनदाट सदाहरित जंगल आणि कोरडा ज्वारीचा प्रदेश यांच्यामध्ये जी पट्टी आहे, तिच्यात आमचा माळ येतो. येथे झाडाला वाढायला पाऊस पुरेसा आहे, परंतु माती पुरेशी नाही. जांभ्यावर वीतभर मुरूम, कुठे तेवढाही नाही. अशा जागी निसर्ग गवत आणि काटेरी झुडपे ठेवतो, आणि मधूनमधून एखादा कुंभा, एखादा आवळा, पळस, अंजनी. माणसाला ते अर्धवट राहिलेल्या जंगलासारखे दिसते. ‘इथे पूर्वी मोठे रान असणार, लोकांनी तोडून टाकले’ असे मीही वर्गात कितीतरी वेळा सांगितले आहे.

माळ पाहायचा तर तो बारा महिने पाहावा लागतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की आठ दिवसांत तांबडा मुरूम हिरवा होतो. खडकाच्या खळग्यांत पाणी साचते आणि त्या बोटभर पाण्यात बेडूक अंडी घालतात. ऑगस्टमध्ये ओल्या कातळावर सीतेची आसवे फुलतात. जांभळी, नखाएवढी, आणि कीटक खाणारी. त्यांच्याच शेजारी दवबिंदू नावाची तांबूस वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी मुंग्या-चिलटे पकडत असते. ज्या मातीत नत्र नाही तेथे वनस्पतींनी आपले नत्र असे मिळवले आहे, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगायला मला कधी फळा लागला नाही. त्याच सुमारास वारुळांच्या आसपास अळंबी उगवते. ही अळंबी वाळव्यांनी वारुळाच्या पोटात शेती करून वाढवलेल्या बुरशीची असते, त्यामुळे वारूळ मोडले की पुढच्या वर्षी अळंबी नाही, हे गावातील बायकांना माझ्याआधी माहीत होते. टाकळा, कुर्डू, फोडशी या पावसाळी भाज्याही येथल्याच. गणेशोत्सव आटोपला की तेरडा ओसरतो आणि गवत डोक्यावर काढते. दसऱ्यानंतर कापणी सुरू होते, दिवाळीनंतर माळ सोनेरी पडतो, आणि कुसळे पायजम्यात घुसू लागतात. एप्रिल-मेमध्ये करवंदे पिकतात. आमच्या गावच्या बायका ती पानांच्या द्रोणांतून बेळगावच्या बाजारात नेऊन विकतात, आणि ज्या जाळीखाली ससा दडून बसतो तिच्या आत हात घालताना आधी काठीने आवाज करतात, कारण फुरसेही तेथेच असते.

इतके सगळे सांगून मी मूळ गोष्टीकडे आलो नाही. मूळ गोष्ट पक्ष्यांची आहे, आणि त्यांतही एका पक्ष्याची.

टिटवी सर्वांना माहीत असते. तिच्या डोळ्यांपुढे लाल मांसल पट्टी असते, ती पाणथळ शेताच्या कडेला राहते, रात्री-अपरात्री ओरडते, आणि म्हणून गावात तिला अशुभ मानतात. ती उंचावर अंडी घालू लागली तर त्या वर्षी पाऊस जास्त, असाही समज आहे. माळटिटवी ही तिची धाकटी बहीण. आकाराने लहान, डोक्यावर काळी टोपी, टोपीखाली पांढरी रेघ, चोचीजवळ पिवळी मांसल पट्टी आणि पाय पिवळे. तिला पाणथळ जागा नको असते. तिला हवा असतो उघडा, कोरडा, खडे पसरलेला माळ, म्हणजे नेमका आमचा पोटखराब. मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत, ज्या दिवसांत माळावर उभे राहवत नाही त्या दिवसांत, ती उघड्या जमिनीवर किंचित खळगा करते आणि खड्यांमध्ये चार अंडी घालते. त्यांचा रंग मुरमासारखा, ठिपके खड्यांच्या सावलीसारखे. मी एकदा घरट्यापासून तीन पावलांवर दहा मिनिटे उभा होतो आणि मला ते दिसले नाही. मादी मात्र एवढा वेळ पंख मोडल्याचे सोंग करून मला दुसरीकडे नेण्याचा प्रयत्न करत होती.

दुपारी जमीन तापते तेव्हा अंडी उबवण्याचा नव्हे, तर ती शिजू न देण्याचा प्रश्न असतो. माळटिटवी त्या वेळी पाणवठ्यावर जाते, पोटाची पिसे भिजवते आणि परत येऊन त्या ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते. आमच्या ओढ्यातील शेवटचा डोह मेअखेरपर्यंत टिकतो की नाही यावर त्या घरट्याचे भवितव्य ठरते. पिल्ले अंड्यातून बाहेर आली की लगेच चालू लागतात, आणि आईने इशारा दिला की आहे त्या जागी दबून खडा होतात. ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ओंजळभर पाणी पोटाशी धरून उन्हातून परतणारी ही टिटवी पाहिल्यावर त्या म्हणीतील पक्षी मला पहिल्यांदा खरा वाटला.

तिच्याबरोबर त्याच जमिनीवर राहणारे आणखी कितीतरी. मलबार चंडोल दगडावरून उडून हवेत गात राहतो. रातवा वाळलेल्या पानासारखा दिवसभर जमिनीला चिकटून असतो आणि तिन्हीसांजेला टोकटोक सुरू करतो. त्याची अंडीही जमिनीवरच, घरट्याशिवाय. लाव्यांचे थवे पायाखालून भुर्रकन उठतात. थंडीत मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, गवतावरून हातभर उंचीने तरंगत नाकतोडे आणि उंदीर टिपतात, आणि रात्री झाडावर नव्हे, उंच गवतात जमिनीवर उतरून झोपतात. ही सगळी मंडळी झाडाला पारखी आहेत. झाड त्यांच्या दृष्टीने उपयोगाचे नाहीच. उलट धोक्याचे, कारण झाडावर कावळा बसतो आणि वरून त्याला घरटे दिसते.

हे मला २०१२ च्या जूनमध्ये माहीत असते तर बरे झाले असते.

त्या वर्षी पर्यावरण दिनाच्या निमित्ताने मी शाळेची साठ मुले घेऊन माळावर गेलो. आधी आठ दिवस, म्हणजे मेच्या शेवटी, मोठ्या मुलांकडून खड्डे काढून घेतले होते. पहार लावून, मुरूम फोडून, ओळीने, दोरी धरून. चारशे रोपे होती. त्यांत करंज आणि गुलमोहर थोडे, बाकी सगळी अकेशिया, ज्याला आमच्याकडे कुणी ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात. ती लवकर वाढते, गुरे तिला तोंड लावत नाहीत, पाणी नसले तरी जगते. आम्हाला हे गुण वाटले. सरपंच आले, नारळ फुटला, भाषणे झाली, फोटो वर्तमानपत्रात आला, आणि तो फोटो शाळेच्या कार्यालयात कितीतरी वर्षे भिंतीवर होता. त्या फोटोत माझ्या मागे, खड्ड्यांच्या ओळीच्या पलीकडे, एक पक्षी हवेत दिसतो. फोटो मोठा करून मी तो पुढे नीट पाहिला. माळटिटवी आहे. ती आमच्यावर ओरडत होती, आणि आम्ही घोषणा देत होतो, त्यामुळे ते ऐकू आले नसावे.

करंज दोन वर्षांत मेले. अकेशिया जगली. सहाव्या वर्षी तिची सावली एकमेकींना भिडली आणि त्या तुकड्यात खाली गवत उरले नाही. तिची ती विळ्यासारखी वाकडी पाने लवकर कुजत नाहीत. त्यांचा थर चढत जातो आणि त्यातून काही उगवत नाही, उगवते ती रानमोडी, कडेकडेने. मी दर मार्चमध्ये ठरलेल्या वाटेने जाऊन गाणाऱ्या चंडोलांची नोंद करत असे. लागवडीआधी त्या वाटेवर सात ठिकाणी गाणे ऐकू येई. २०१८ मध्ये दोन ठिकाणी आले. माळटिटवीने तो भाग पूर्ण सोडला. कावळे मात्र कायमचे राहायला आले. मी तरीही काही काळ स्वतःची समजूत घालत होतो की सावली झाली, गारवा झाला, मुलांना झाडे लावायची सवय लागली, तेव्हा काही तरी कमावलेच.

ही समजूत मोडली ती गवत कापणाऱ्या एका अक्कांनी. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. दर दिवाळीला माळावर विळा घेऊन येतात. ‘सर, झाडं लावलासा ते बरं केलासा,’ त्या म्हणाल्या, ‘खरं आमचं गवात कुठं ऱ्हायलं?’ आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. त्या दिवशी मला तो शब्द दोन्ही अर्थांनी ऐकू आला.

एका माणसाची चूक म्हणून हे सोडून देता आले असते. परंतु मी ती चूक कुठून शिकलो हे शोधू लागलो तेव्हा तिची मुळे बरीच खोल निघाली. इंग्रजी अमलातील महसूल खात्याच्या दृष्टीने ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक, आणि ज्या जमिनीतून लाकूड येत नाही तीही जवळजवळ पडीकच. १९५० मध्ये तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. हेतू उत्तम होता, पण त्यातून दर पावसाळ्यात मोकळी जागा शोधून भरून काढण्याची रीत पडली, आणि मोकळी जागा म्हणजे माळ. पुढे २००० मध्ये देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला, त्यात झुडपी माळांचा मोठा भाग पडीक म्हणून रंगवला गेला. सरकारी नकाशात जी जागा पडीक म्हणून छापली जाते ती शाळामास्तराला उपजाऊ कुठून दिसणार? कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली, ती भूजलाच्या कारणाने; माळ म्हणून माळाचा विचार त्यातही नव्हता.

आणि ‘इथे पूर्वी मोठे रान होते’ हे तरी खरे का? अलीकडे, २०२५ मध्ये, मराठी अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय, ओव्या आणि लोककथा चाळून त्यांत कोणत्या रानवनस्पतींची नावे येतात याचा शोध प्रसिद्ध केला. जी नावे आली त्यांतील बहुसंख्य माळरानावरची होती: तरवड, खैर, पळस, बाभूळ यांसारखी. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचे पठार निदान साडेसातशे वर्षे तरी गवताचे आणि विरळ झाडांचे आहे, ते जंगल तोडून उरलेले अवशेष नव्हे. हा अभ्यास आमच्या तालुक्याचा नाही आणि आमचा पाऊसही त्या पठारापेक्षा अधिक, तेव्हा तो जसाच्या तसा आमच्या माळावर चिकटवणे बरोबर होणार नाही. पण ज्या भाषेत मी मुलांना चुकीचे शिकवले त्याच भाषेच्या जुन्या पोथ्यांत त्याचे उत्तर होते, याची लाज वाटायची ती वाटलीच.

आमच्या जिल्ह्यात वन्यजीव म्हटले की लोक भीमगडाकडे बोट दाखवतात, आणि ते रास्तच आहे. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले, सुमारे १९० चौरस किलोमीटर. त्यात वाघ, गवे, कोळसुंदे, शेकरू, धनेश, आणि म्हादईचा उगम. तेथल्या बारापेडे गुहांतून मिळालेल्या रॉटनच्या मोकळ्या शेपटीच्या वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन १९१३ मध्ये झाले, आणि त्यानंतर विसावे शतक सरत येईपर्यंत ते जगात दुसऱ्या कुठल्याच ठिकाणी सापडले नव्हते. पुढे मेघालयात आणि कंबोडियात सापडले. भल्यामोठ्या कानांचे, गडद तपकिरी, मानेवर फिकट पट्टा असलेले ते वटवाघूळ खानापूर तालुक्याने जगाला दाखवले, आणि खानापुरातल्याच कितीतरी जणांना त्याचे नाव ठाऊक नाही. मी भीमगडाला दरवर्षी जातो. पण अभयारण्याची हद्द जेथे संपते तेथे प्राण्यांचे चालणे संपत नाही. उन्हाळ्यात गव्यांचे पावलांचे ठसे आमच्या ओढ्यापर्यंत येतात. साळिंदराचे काटे करवंदीच्या जाळीत सापडतात.

२०२२ च्या ऑगस्टमधील बेळगावचा बिबट्या वाचकांना आठवत असेल. जाधवनगरात तो दिसला, मग गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला, आसपासच्या शाळांना सुट्ट्या द्याव्या लागल्या, शिवमोग्याच्या सक्रेबैलू तळावरून दोन हत्ती आणले, मुधोळचे शिकारी कुत्रे आणले, महिनाभर शोध चालला, आणि बिबट्या सापडला नाही तो नाहीच. त्या वेळी गावोगावी त्याच्यावर विनोद झाले; पंचायतीच्या कट्ट्यावर तर त्याला नगरसेवक करण्याचा ठराव मांडला गेला. मला त्या प्रसंगातून एवढेच कळले की ज्याला आपण दोन वस्त्यांमधली रिकामी झाडी समजतो, ती या प्राण्यांच्या वाटेवरची ओसरी आहे. ओसऱ्या बंद झाल्या की पाहुणा घरात शिरतो.

आता मी ज्याची अधिक काळजी करतो ती गोष्ट झाडांची नाही, गुरांची आहे. कर्नाटकाच्या महसुली नियमांत गावातील दर शंभर गुरांमागे बारा हेक्टर गोमाळ, म्हणजे गायरान, राखावे असे प्रमाण आहे. नियम चांगला आहे, पण तो दुधारी आहे. माझ्या लहानपणी आमच्या आळीतच चाळीसेक गुरे होती आणि गुराखी सकाळी सगळ्यांची मिळून माळावर नेई. आज ज्यांच्याकडे गुरे आहेत त्यांच्याकडे संकरित गाय दावणीला आहे. ती माळावर जात नाही, तिला पेंड आणि हत्ती गवत लागते. बैलांची जागा पॉवर टिलरने घेतली. गुरे घटली की नियमाच्या हिशेबाने गायरान ‘जास्तीचे’ ठरते, आणि जास्तीच्या जमिनीला मागणी करणारे कमी नसतात. घरकुलाचे भूखंड, कचरा प्रकल्प, कुणाचे सभागृह. यांतील प्रत्येक गरज खरी असू शकते. घर नसलेल्या माणसाला माळटिटवीचे नाव सांगून गप्प करावे असे मी म्हणणार नाही. पण गायरानाचा हिशेब फक्त गुरांच्या शेपट्या मोजून होतो, त्यात ससा, लावा, अळंबी, करवंद विकून मुलीची फी भरणारी बाई, यांपैकी कुणीच मोजले जात नाही, हे सांगितले पाहिजे.

शहर जवळ येत आहे, ही दुसरी गोष्ट. हलगा-मच्छे बायपास आणि रिंगरोड यांविरुद्ध या भागातील शेतकरी वर्षानुवर्षे लढत आले, आणि तीन पिके देणारी जमीन वाचवण्यासाठी त्यांनी लढावे हे योग्यच होते. मीही एका मोर्चात होतो. त्या मोर्चात ‘पिकाऊ जमीन सोडा, पडीक घ्या’ अशी घोषणा झाली आणि मी ती मोठ्याने दिली. घरी येताना माळावरून आलो. त्या संध्याकाळी मला माझा आवाज फार वेळ ऐकू येत राहिला. शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहताना दुसऱ्या कुणाची जमीन आपण पुढे करतो आहोत हे लक्षात यायला माणूस गावाबाहेर राहणारा असावा लागतो, किंवा माळावर फिरणारा.

तिसरी गोष्ट रात्रीची आहे. ट्रॅक्टर येतात आणि माळाच्या रस्त्याकडील कडेला बांधकामाचा राडारोडा, कोंबड्यांच्या दुकानांतील टाकाऊ पिसे आणि आतडी टाकून जातात. त्यावर भटकी कुत्री पोसली जातात. चार कुत्र्यांच्या टोळीपुढे सशाचे काही चालत नाही, आणि खडा होऊन बसलेले माळटिटवीचे पिल्लू माणसाला दिसत नसले तरी कुत्र्याच्या नाकाला कळते. गेल्या पाच वर्षांत मी या माळावर मेलेले जे प्राणी पाहिले त्यांत बहुतेक कुत्र्यांनी मारलेले होते. वणव्यात मेलेले त्याखालोखाल. शिकारीचा फासा मला एकदाच मिळाला.

वणव्याचे थोडे समजावून सांगायला हवे. गवत जाळले की नवे लुसलुशीत येते, अशा समजुतीने फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणीतरी काडी टाकते. पूर्वी माळ चरलेला आणि कापलेला असे, त्यामुळे आग आली तरी खुरटी येई आणि कातळापाशी विझे. आता न कापलेले कमरेएवढे गवत वाळून उभे असते; त्यातून येणारी आग करवंदीच्या जाळ्या मुळापासून होरपळते, आणि ती येते नेमकी माळटिटवी आणि रातवा अंडी घालायला लागतात त्या वेळी. म्हणजे माणूस माळावरून उठला म्हणून माळ सुखी झाला असे नाही. हा माळ विळ्याने आणि गुरांच्या तोंडाने घडवलेला आहे. भात कापणीनंतर मेंढपाळ आपले दख्खनी मेंढरांचे कळप घेऊन या भागात येतात, शेतांत मेंढरे बसवतात आणि दिवसा माळावर चारतात. त्यांतले एक मामा दरवर्षी भेटतात. टिटवीचे घरटे दिसले की ते कळप वळवतात आणि घरट्याच्या दोन्ही बाजूंना काठीने मुरमावर रेघ मारून ठेवतात. ‘पिल्लं पळाली की पाऊस पुसतोय की रेघ,’ असे ते म्हणाले होते. त्यांच्या कळपाला माळबंदी करा, असे सुचवणारा एक उत्साही तरुण मागे आमच्या ग्रामसभेत उभा राहिला होता. मी त्याला विरोध केला. त्याचे वय मी झाडे लावली तेव्हाच्या माझ्या वयापेक्षा बरेच कमी होते, त्यामुळे रागावता आले नाही.

आम्ही काय करतो, तर फार काही नाही. मोठी झालेली अकेशिया तोडायला परवानगी, लिलाव, हिशेब असा लांबचा मार्ग आहे आणि त्यात मी पडलो नाही. पण तिचे बी पसरते आणि दरवर्षी माळाच्या मोकळ्या भागात बोटभर रोपे उगवतात; ती ऑगस्टमध्ये, जमीन मऊ असताना, मुलांना घेऊन मुळासकट उपटतो. शाळेत माझ्या जागी आलेल्या बाईंनी हा कार्यक्रम चालू ठेवला आहे. पालकांपैकी एकाने विचारले होते की सर आधी झाडे लावायला न्यायचे, आता उपटायला नेता, मुलांनी नेमके काय शिकायचे? प्रश्न चोख होता. बाईंनी त्यांना मुलांबरोबर यायला सांगितले, ते आले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी एकट्याने दोनशेहून अधिक रोपे उपटली. जानेवारीत रस्त्याच्या कडेने आठ-दहा फूट रुंद पट्टा कापून साफ करतो, म्हणजे बाहेरून आलेली आग आत शिरत नाही. जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीने ठेवायच्या नोंदवहीत माळाची नोंद करून घेतली. ती मराठीत लिहावी की कन्नडमध्ये यावर दोन बैठका गेल्या. शेवटी पक्ष्यांची नावे दोन्ही भाषांत लिहिली, आणि तेव्हा कळले की आमच्या गावच्या कन्नड बोलणाऱ्या गड्यांना माळटिटवी आणि टिटवी यांतला फरक आमच्यापेक्षा आधीपासून माहीत होता.

गवत कापणाऱ्या बायकांशी जो करार आहे तो तोंडी आहे. त्या सगळा माळ एका दमात साफ करत नाहीत. एक पट्टा मार्चपर्यंत उभा ठेवतात, म्हणजे भोवत्यांना रात्री उतरायला जागा राहते आणि लाव्यांना आडोसा. पट्टा दरवर्षी वेगळा, आणि त्याच्या भोवतीचे गवत आधी कापायचे, म्हणजे आग लागली तरी तेवढ्यातच राहील. त्या पट्ट्याच्या गवताचे पैसे त्यांना सोडावे लागतात. मी ते भरून देण्याची तयारी दाखवली तेव्हा अक्का म्हणाल्या की पैशाचे राहू दे, नातवाला इंग्रजीचे चार शब्द शिकवा. शिकवतो आहे. मुलगा हुशार आहे, पण माळावर नेले की पुस्तकाकडे पाहत नाही.

यंदाच्या एप्रिलमध्ये माळटिटवीची तीन घरटी दिसली. एक कुत्र्यांनी उद्ध्वस्त केले. एकातली पिल्ले बाहेर पडलेली मी स्वतः पाहिली. तिसरे अकेशियाच्या ओळीपासून चाळीस पावलांवर होते, इतक्या जवळ ती गेल्या दहा वर्षांत आली नव्हती. त्याचे काय झाले ते वळवाच्या पावसाने कळू दिले नाही.

परवा अक्का बाजारातून येताना दारात थांबल्या. पाणी प्यायल्या, दसऱ्यानंतरची बोलणी करून गेल्या. जाता जाता फाटकाशी वळून म्हणाल्या, ‘औंदा पट्टा कुठला सोडायचा ते आत्ताच सांगा सर. आणि तुमच्या झाडांकडचा सांगू नका, तिथं गवातच न्हाई.’